दोन दिवसांचं कलम

व्हर्डेल गॅस्किन्स संसदेच्या संरक्षण समितीच्या कचेरीत लागली ती एकोणीसशे त्र्याऐंशी साली, टायपिस्ट म्हणून. पुढे टाइपरायटर गेले, ती राहिली, आणि तिच्याकडे वाचायचं काम आलं. संरक्षणाचा कायदा दरवर्षी नव्याने करावा लागतो. सैन्यात माणसं किती ठेवायची, त्यांचा पगार किती वाढवायचा, जहाजं किती बांधायची, कुठल्या तळावर बराकी आणि कुठल्या तळावर शाळा, सगळं त्यात येतं. फेब्रुवारीत सुरुवात होते, मे महिन्यात समितीत घासाघीस, उन्हाळ्यात एक सभागृह, मग दुसरं, आणि दोघांचे मसुदे एकमेकांशी जुळवता जुळवता डिसेंबर उजाडतो. हजार-बाराशे पानं होतात. त्यातलं एखादं कलम मध्येच गळलं की पुढच्या सगळ्यांचे आकडे सरकतात, आणि जिथे ‘वरील पोटकलम ब प्रमाणे’ असं म्हटलेलं असतं तिथे ते ‘ब’ आता भलत्याच कशाबद्दल तरी असतं. असल्या गोष्टी पकडणं हे व्हर्डेलचं काम. वकील पोरं यायची, चार-पाच वर्षं काढून मोठ्या पगारावर निघून जायची. व्हर्डेल मागच्या खोलीत, खिडकीला पाठ करून, हातात लाल पेन्सिल घेऊन बसलेली असायची.

तिचा नवरा रोझियर शहर बसचा ड्रायव्हर. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्याने नोकरी सोडली. संध्याकाळी ती घरी आली की तो विचारायचा, “या वर्षी कोणाशी भांडण काढलंय आपण?”

“कोणाशीही असो,” ती बूट काढत म्हणायची, “पानं तेवढीच असतात.”

होबार्ट स्टॅम्पर पहिल्यांदा आले ते दोन हजार सहाच्या मार्चमध्ये, आणि आले ते चुकीच्या दाराने. त्यांच्या भागातल्या प्रतिनिधीच्या माणसाने त्यांना समितीकडे पाठवलं होतं. पुढच्या दाराशी कोणी नव्हतं म्हणून ते बोळातून चालत चालत थेट व्हर्डेलच्या टेबलापाशी पोहोचले. उंच, वाकलेला माणूस. अंगात काळा सूट, लग्नाला आणि मयताला घालायचा असतो तसला. बगलेत पत्र्याचा डबा.

“बाई, कायदे करतात ते ऑफिस हेच का?”

“त्यातलंच एक,” व्हर्डेल म्हणाली. “बसा. चालत आलात?”

“स्टेशनपासून. टॅक्सीवाला जे मागत होता तेवढ्यात आमच्याकडे वासरू येतं.”

ते केंटकीच्या डोंगरातून अकरा तास बस बदलत आले होते. वय त्र्याहत्तर. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. व्हर्डेलने त्यांना पाणी दिलं आणि जमिनींची कलमं ज्याच्याकडे होती त्या किप लिंडक्विस्टला बोलावलं. किप तेव्हा अठ्ठावीसचा, कोवळा वकील. मग दोघांनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं.

लॉरेल लिक नावाच्या खोऱ्यात एकतीस घरं होती. बेचाळीस साली युद्धासाठी तोफांच्या सरावाला जागा हवी होती, म्हणून ते खोरं घेतलं. होबार्ट तेव्हा नऊ वर्षांचे. मका उभा असताना त्यांनी घर सोडलं. माणसं हलली, पण चर्चमागची स्मशानभूमी कशी हलवणार? त्रेचाळीस कबरी हॉलिस फोर्कच्या सराव-मैदानाच्या कुंपणाआत राहिल्या. त्यांत होबार्टची आई होती, आणि बारा दिवसांची होऊन गेलेली बहीण.

“मे महिन्यात आमच्याकडे कबरींवर फुलं घालायचा रविवार असतो,” ते म्हणाले. “एखादा साहेब चांगला निघतो, तो फाटक उघडतो. दोन वर्षांनी तो बदलून जातो. नवा म्हणतो, कुठे लिहिलंय दाखवा. तर बाई, मला ते लिहून हवंय. दोन दिवस. शनिवार आणि रविवार.”

“दोन कशाला?” किपने विचारलं.

“शनिवारी गवत कापायचं. गवत कापल्याशिवाय फुलं ठेवणार कुठे?”

किपला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं. जाता जाता होबार्टनी टेबलावरचा गठ्ठा हाताने जोखून पाहिला. “केवढं हे बाड. देशाचे सगळे पैसे यातच का?”

“पैसे यात नसतात,” व्हर्डेल म्हणाली. “यात नुसतं ‘करा’ म्हणून सांगितलेलं असतं. पैसे दुसऱ्या कायद्यात.”

“म्हणजे बापाने हो म्हणायचं आणि पाकीट आईकडे.”

“तसंच काहीसं.”

“मग बरंय. मला पैसे नकोतच.”

डब्यात सुक्या सफरचंदांचा थरांचा केक होता, त्यांच्या मुलीने केलेला. भेटवस्तू घ्यायची नाही असा कचेरीचा नियम. किप म्हणाला, बसून जेवलं तर ती भेट होते, उभ्याने दोन घास खाल्ले तर होत नाही. मग तिघांनी खिडकीशी उभं राहून खाल्ला.

त्या वर्षी कलम मसुद्यात गेलं. साडेसात ओळींचं. व्हर्डेलने ते वाचलं, एक स्वल्पविराम हलवला. ऑक्टोबरात दोन्ही सभागृहांची माणसं जुळवाजुळवीला बसली आणि तिथे ते गळलं. कोणी विरोध केला म्हणून नव्हे. कुठल्याशा धावपट्टीवरून अडलं होतं, ते सोडवायला सात लहान कलमांवर पाणी सोडावं लागलं, त्यात हेही गेलं. किपने फोन करून सांगितलं. होबार्ट म्हणाले, “बरं. पुढचं कधी सुरू होतं?”

पुढच्या वर्षीही गळलं. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या सभागृहाकडून तडजोड आली. कलमात होतं, ‘खातं दरवर्षी दोन दिवस प्रवेश देईल.’ त्याऐवजी लिहायचं, ‘देऊ शकेल.’ मग आमची हरकत नाही. किपला वाटलं, सुटलो. पण होबार्टनी मुद्दाम येऊन तो कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “देऊ तर ते आजही शकतात, पोरा. त्याला कायदा कशाला?” तेही वर्ष गेलं. चौथ्या वर्षी जमिनीत न फुटलेले गोळे असतील अशी शंका निघाली आणि तपासणीचा अहवाल यायला उशीर झाला. पाचव्या वर्षी आधीच इतकी दिरंगाई झाली होती की जमिनींची सगळीच कलमं घाईघाईने कापून टाकली.

दर मार्चला ते येत. दर वर्षी पाठ थोडी अधिक वाकलेली. बोळातल्या पहारेकऱ्याला ते नावानिशी ओळखत, आणि व्हर्डेलच्या खोलीत येऊन आधी पाच मिनिटं नुसते बसत. “पंधरा पायऱ्या होत्या आधी,” एकदा म्हणाले, “आता वीस केल्यात वाटतं.” पायऱ्या तेवढ्याच होत्या.

व्हर्डेलने त्यांच्या कलमाचा वेगळा फोल्डर केला होता. कॉम्प्युटरमध्येही, आणि कागदाचाही. अशी कलमं पुढच्या वर्षी परत लागतात, इतकंच कारण. वर्षागणिक त्यात एकेक मसुदा पडत गेला.

दोन हजार अकराला जमलं. कसं जमलं ते किपलाही नीट सांगता आलं नसतं. गोळ्यांचा अहवाल आला, जागा साफ निघाली, समोरचा आडमुठा अधिकारी निवृत्त झाला, आणि नोव्हेंबरच्या शेवटी दोन्हीकडच्या माणसांनी एका कागदावर आद्याक्षरं केली. ‘देईल.’ दोन दिवस. किप तो कागद घेऊन मागच्या खोलीत आला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने वाचून तो फोल्डरमध्ये ठेवला.

मग डिसेंबरचा तो पंधरवडा. अकरा दिवस व्हर्डेलने सुट्टी घेतली नव्हती. रोझियर रोज डबा भरून द्यायचा आणि ती तो अर्धा परत आणायची. सगळीकडून कलमं येत होती, जात होती, क्रमांक बदलत होते. किप दारातून म्हणाला, “मिस व्हर्डेल, स्टॅम्परचं कलम पाठवता?” तिने फोल्डर उघडला, फाइल पाठवली, आणि पुढचं पान ओढलं. छापून आलेल्या प्रतीत ते कलम पुन्हा तिच्यासमोर आलं तेव्हा तिने त्यावरून नजर फिरवली आणि खूण केली. ते तिला पाठ होतं. पाठ असलेलं माणूस वाचत नाही.

बुधवारी पहिल्या सभागृहाने कायदा मंजूर केला. दुसरं सभागृह गुरुवारी दुपारी करणार होतं. गुरुवारी सकाळी किप डोकं आत घालून म्हणाला, “स्टॅम्परना तुम्हीच फोन करा. पाच वर्षं मीच वाईट बातमी देतोय. चांगली मी दिली तर त्यांचा विश्वास बसायचा नाही.”

तिने फोन लावला. होबार्टनी सगळं ऐकून घेतलं.

“मला वाचून दाखवा बाई,” ते म्हणाले. “हळू वाचा, मी लिहून घेतो.”

व्हर्डेलने छापील प्रत उघडली, पान काढलं आणि वाचायला लागली. हॉलिस फोर्क सराव-मैदान. लॉरेल लिक स्मशानभूमी. तिथे पुरलेल्यांच्या वारसांना आणि नातेवाइकांना. पलीकडून पेन्सिलीचा आवाज येत होता. “खातं दरवर्षी मे महिन्यात लागोपाठ दोन दिवस प्रवेश देऊ...” आणि ती थांबली.

“देऊ,” होबार्ट म्हणाले. “पुढे?”

तिने ओळ पुन्हा पाहिली. देऊ शकेल. ते तिसऱ्या वर्षीचं कलम होतं. फोल्डरमधली खालची फाइल. तिनेच पाठवलेली.

“मिस्टर स्टॅम्पर,” ती म्हणाली, “मी तुम्हाला थोड्या वेळाने फोन करते.”

“काही बिघडलं का?”

“माझ्या हातून बिघडलंय. बघते काय करता येतं ते.”

तिने फोन ठेवला आणि आधी फोल्डरमधून आद्याक्षरांचा कागद काढला. मग तशीच बसून राहिली. एकोणतीस वर्षांत असं झालं नव्हतं. निदान तिला माहीत असलेलं तरी नव्हतं.

किप टेबलाशी पाव खात होता. दाढी तीन दिवसांची. तिने दोन्ही कागद त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. त्याने वाचले आणि खायचं थांबवलं.

“हे कुठून आलं?”

“माझ्याकडून. जुनी फाइल गेली.”

“मिस व्हर्डेल, काल मंजूर झालंय. आता त्यातलं एक टिंबसुद्धा हलवता येत नाही.”

“छापण्यातल्या चुकांच्या दुरुस्त्यांचा ठराव जातोय ना वेगळा? दरवर्षी जातो.”

“यादी काल बंद झाली. अकरा दुरुस्त्या. अकरावर दोन्हीकडचे राजी झालेत. आता मी बारावी काढली तर प्रत्येकाला आपापली तेरावी आठवेल.” त्याने डोळे चोळले. “हे बघा, तिथला आत्ताचा कमांडर भला माणूस आहे. मी बोललोय त्याच्याशी. तो आत सोडेल.”

“दोन वर्षांनी बदलून जाईल.”

“मग पुढच्या बिलात दुरुस्त करू. फेब्रुवारीत तर सुरूच होतंय.”

“अठ्ठ्याहत्तर वय आहे त्यांचं, किप.”

बाहेर बोळात कोणीतरी खोक्यांची गाडी ढकलत चाललं होतं.

“दोन एकरांची स्मशानभूमी,” किप म्हणाला. “सगळा देश या बिलात आहे आणि आपण दोन एकरांवर अडलोय. कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही.”

“मला माहितीये ना.”

“कारण विचारतील. काय सांगू?”

“माझं नाव सांग.”

“तुमचं नाव मी नाही सांगणार.”

“मग मी सांगते,” व्हर्डेल म्हणाली आणि कागद उचलले.

समितीचा मुख्य अधिकारी डेंटन रूकर हा सैन्यातून निवृत्त झालेला कर्नल. त्याच्या खोलीत व्हर्डेल वर्षातून दोनदा जायची, एकदा वाढदिवसाच्या केकला आणि एकदा कायदा मंजूर झाल्यावर सगळ्यांचे आभार मानतात तेव्हा. त्या दिवशी ती दार वाजवून आत गेली, उभ्यानेच सगळं सांगितलं. कलम कुठलं, ठरलं काय होतं, छापलं काय गेलं, चूक कोणाची.

रूकरने कागद पाहिले. “तुमची चूक?” त्याने विचारलं. मग पुन्हा, जरा वेगळ्या सुरात, “तुमची?”

“हो साहेब.”

“बसा.” ती बसली नाही. त्याने फोन उचलला, समोरच्या सभागृहातल्या आपल्या जोडीदाराला लावला. थोडा वेळ हं-हं चाललं. “नाही, धोरण बदललेलं नाही,” तो म्हणाला. “ठरलेलंच आहे. तुमच्या माणसाची आद्याक्षरं आहेत खाली, माझ्यासमोर आहे कागद. चूक आमच्याकडची... हो. बाराच. तेरावी निघाली तर मीच फाडीन.” त्याने फोन ठेवला, आणि कागदाच्या कोपऱ्यावर सही केली.

“गॅस्किन्सबाई, एकोणतीस वर्षांत एक चूक, हे काही...”

“एक सापडलीय,” व्हर्डेल म्हणाली.

तिने कागद घेतले आणि आभार मानून बाहेर आली.

दुरुस्त्यांचा ठराव दुपारी आला. कचेरीतल्या पडद्यावर तिने तो पाहिला. सभागृह जवळजवळ रिकामं होतं, लोक घरी जायच्या तयारीत. एका सदस्याने कागद वाचायला घेतला, वाचन झाल्याचं मानावं असं कोणीतरी म्हणालं, कोणाचा आक्षेप नसल्याचं अध्यक्ष म्हणाले आणि हातोडा पडला. तिने घड्याळ लावलं नव्हतं, पण मिनिटभरसुद्धा लागलं नसेल. दुसरीकडे पाचच्या सुमारास तसंच झालं. किप तिच्या खुर्चीमागे उभा होता. “झालं,” तो म्हणाला आणि आपल्या खोलीत जाऊन टेबलावर डोकं ठेवून झोपला.

तिने होबार्टना फोन केला. या वेळी तिने आधी मनात, मग मोठ्याने वाचलं. “देईल.”

“परत वाचा.”

तिने वाचलं.

“अजून एकदा, तो शब्द तेवढा.”

“देईल.”

पेन्सिल थांबली. “बरं झालं,” ते म्हणाले. “खरं सांगू का बाई, आता दमलो.”

“मीही,” व्हर्डेल म्हणाली.

होबार्टचा फोन आला तो पुढच्या जूनमध्ये, नवं बिल ऐन रंगात असताना. ऐंशीच्या वर माणसं आली होती. कोणी ओहायोहून, कोणी मिशिगनहून, ज्यांचे आजोबाच काय ते त्या खोऱ्यात राहिलेले. शनिवारी गवत कापलं. एक तरुण सार्जंट फाटकावर होता, तो दुपारी स्वतःच कोट काढून कापायला लागला. रविवारी झाडाखाली फळ्या मांडून जेवणं झाली.

“आणि आई?” व्हर्डेलने विचारलं.

“आईचा दगड आहे. नाव पुसट झालंय, पण आहे.” ते थांबले. “बहिणीची जागा सापडली नाही. तिला नाव कोरलेला दगड कधी नव्हताच, ओढ्यातला एक गोटा ठेवला होता. आई सांगायची, सीडरच्या झाडापासून तिसरी. सीडर नाहीये आता. गोटे पुष्कळ आहेत.”

“मग?”

“मग काय, चार ठिकाणी फुलं ठेवली. मुलगी म्हणाली, बाबा, एकात तरी असेल.” ते हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाले, “मी एवढी वर्षं नुसता फाटकाचाच विचार करत होतो. आत गेल्यावर ती सापडणार नाही हे डोक्यातच आलं नाही माझ्या.”

टेबलावर तीनशे पानं पडली होती आणि तिची पेन्सिल सहाव्या ओळीवर होती.

“पुढच्या मेमध्ये पुन्हा बघाल,” ती म्हणाली.

“हो. दोन दिवस आहेतच.”

त्या वर्षी तिने वाचायची रीत बदलली. प्रत्येक ओळ ती ओठांतल्या ओठांत उच्चारून वाचायला लागली. नव्या मुलींना आधी वाटलं बाई प्रार्थना करतायत. काम दुप्पट वेळ खाऊ लागलं. डोळे दुखले म्हणून ती डॉक्टरकडे गेली, तो म्हणाला डोळ्यांना काही झालेलं नाही. वाचून झालेलं पान ती पुन्हा उलटून बघायची, आणि पुन्हा. ऑक्टोबरात तिने रोझियरला सांगितलं, हे शेवटचं. तो टीव्ही बघत होता. त्याने आवाज बंद केला आणि म्हणाला, “ठीक.” मग थोड्या वेळाने, “तुझ्या मनाविरुद्ध तर नाही ना?” ती म्हणाली, मन आता कशाच्याच विरुद्ध नाही.

तिचं तिसावं बिल डिसेंबरात मंजूर झालं. त्यात चूक सापडली नाही. किपने तिला खालच्या दारापर्यंत सोडलं. त्याच्या कानांजवळ तेव्हा केस पिकायला लागले होते, आणि बाहेरच्या एका मोठ्या कंपनीचं बोलावणं त्याने पुन्हा नाकारलं होतं. का नाकारलं, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “माहीत नाही. फेब्रुवारी आला की सुरू होतंच.”

तिची जागा घेतलेली मुलगी हुशार होती. काही अडलं की फोन करायची, आणि व्हर्डेल स्वयंपाकघरात उभी राहून तिला सांगायची की कुठला आकडा कुठे सरकला असेल. दुसऱ्या मे महिन्यात होबार्टना बहिणीची जागा मिळाली की नाही, हे मात्र तिने फोन करून विचारलं नाही. मिळाली असती तर त्यांनी स्वतःहून सांगितलं असतं.